स्वस्त गेम, जुना लॅपटॉप आणि चौघांचा रविवार

प्रिय ताई,

आम्ही चौघं कॉलेजात चार वर्षं एकाच खोलीवर राहिलो. आता एक पुण्यात आयटीत आहे, एक नाशिकला कंपनीत, एक एमएससाठी जर्मनीत, आणि मी जळगावला परत येऊन बाबांचं कृषी सेवा केंद्र बघतो. आमच्या ग्रुपवर आता फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. म्हणून ठरवलं, दर रविवारी रात्री ऑनलाइन काहीतरी एकत्र खेळायचं. माझा लॅपटॉप कॉलेजातलाच आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मला सेलमध्ये 'किलिंग फ्लोअर' दिसला, झॉम्बी मारायचा, पहिला, जुना. पुण्यातला म्हणतो, "जुनाट आहे, ना गोष्ट ना ग्राफिक्स. घ्यायचा तर नवा तिसरा भाग घेऊ." तो मला परवडणार नाही आणि माझ्याकडे चालणारही नाही. बाकीचे माझ्यासाठी जुना घ्यायला तयार आहेत, पण मलाच अवघडल्यासारखं होतंय. हा गेम खरंच चांगला आहे का, की माझ्या लॅपटॉपपायी मी तिघांना भंगार खेळायला लावतोय?

— चौघांतला एक, जळगाव

प्रिय मित्रा,

घ्या तो गेम. चौघांनी घ्या. आणि 'माझ्या लॅपटॉपपायी' हे आधी डोक्यातून काढून टाक. तुझ्या लॅपटॉपची दया येऊन मी हे सांगत नाहीये. माझ्याकडे आज बरं मशीन आहे, नवे गेम चालतात. तरीही चारजण जमले आणि काय खेळायचं असा विषय निघाला की मी पहिलं नाव याचंच घेते. मात्र त्यात उणिवा आहेत, बऱ्याच आहेत, आणि पुण्याचा मित्र म्हणतो त्यातलं अर्धं खरं आहे. पैसे टाकण्याआधी ते अर्धं कोणतं हे तुला नीट कळायला हवं.

हा गेम मुळात विकायला बनवलेलाच नव्हता. २००५ मध्ये ॲलेक्स क्विक नावाच्या तरुणाने 'अन्रिअल टूर्नामेंट २००४' या गेमवर मॉड म्हणून, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेला नवा खेळ म्हणून, तो उभा केला आणि लोक तो फुकट उतरवून खेळत होते. पुढे अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ट्रिपवायर इंटरॲक्टिव्ह या छोट्या कंपनीने तो हातात घेतला. त्या कंपनीचा स्वतःचा पहिला गेम 'रेड ऑर्केस्ट्रा' हाही त्याच 'अन्रिअल टूर्नामेंट'चा मॉड म्हणून सुरू झाला होता, त्यामुळे त्यांना या वाटेची माहिती होती. १४ मे २००९ रोजी किलिंग फ्लोअर बाजारात आला, किंमत वीस डॉलर. मोठे गेम तेव्हा पन्नास-साठ डॉलरला मिळायचे. इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभा असतो तो सॉफ्टवेअरचा सांगाडा, तेच, पाचएक वर्षं जुनं. म्हणजे तुझ्या मित्राला जो गेम आज जुनाट दिसतो, तो जन्माला आला तेव्हाही जुनाटच दिसत होता. त्याच्या सहा महिने आधी व्हॉल्व्ह कंपनीचा 'लेफ्ट फोर डेड' हा झॉम्बी मारायचाच गेम आलेला, चकाचक, भरपूर पैसा ओतलेला. त्याच्याशेजारी हा गरीब घरचा दिसला, आणि समीक्षकांनी तसं लिहिलंही.

पण कमी पैशात घर बांधणाऱ्याला काही गोष्टी सोडाव्याच लागतात. त्याने काय सोडलं आणि कशावर हात आखडला नाही, ते बघायचं असतं.

यांनी गोष्ट सोडली. हॉर्झिन नावाची एक बायोटेक कंपनी आहे, तिचे माणसांवरचे प्रयोग फसतात, इंग्लंडभर विद्रूप प्राणी सुटतात आणि तुम्ही त्यांना मारता. यापुढे काही घडत नाही. आवाजांवरही खर्च केलेला नाही. वेव्ह, म्हणजे प्राण्यांची एक लाट, संपल्यावर हत्यारं विकणारी जी बाई भेटते, तिची तीच तीच वाक्यं तिसऱ्या रविवारी कानाला टोचायला लागतील. मॅप, म्हणजे खेळायच्या जागा, सुरुवातीला पाचच होते. बऱ्याच ठिकाणी भिंतींचे पोत विटलेले दिसतात, माणसांच्या हालचाली आखडलेल्या. आणि ते प्राणी हुशार नाहीत, दिसलात की सरळ तुमच्याकडे चालत येतात. मित्राचं अर्धं खरं ते हे.

हात आखडला नाही तो बंदुकांवर. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण गेमचा जीव त्यातच आहे.

या गेममध्ये स्क्रीनच्या मधोमध क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, नसतो. नेम धरायचा तर बंदूक डोळ्यापाशी आणून तिच्या माशीतून बघावं लागतं. आता समज, तुझ्या हातात लीव्हरची रायफल आहे, काउबॉय वापरत तसली. एक गोळी झाडलीस की खालचा लीव्हर पुढे जातो, मागे येतो, खट्‌ असा आवाज होतो, आणि तेवढ्या वेळात समोरचा दोन पावलं पुढे आलेला असतो. दुसरी गोळी. परत खट्‌. दहा झाल्या की भरायला घे, आणि भरताना एकेक गोळी बोटाने सरकवावी लागते. एक, दोन, तीन… कानावर मागून पावलं येत असतात आणि तुला ठरवायचं असतं की चौथी भरू की तीनवरच उभा राहू. डोक्यात गोळी लागली तर डोकं जातं, पण धड लगेच पडत नाही. दोनचार पावलं हात झाडत तसंच पुढे येतं आणि मग कोसळतं. पहिल्यांदा बघशील तेव्हा दचकशील. मोठमोठ्या खर्चाच्या गेममध्ये मी शेकडो बंदुका हाताळल्यात, पण बटण दाबल्यावर हातात काहीतरी घडलं असं इतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी जाणवलं.

दुसरा खर्च त्यांनी प्राण्यांवर केला. हे सरसकट झॉम्बी नाहीत, प्रत्येकाची खोड वेगळी. क्लॉट साधा, पण जवळ आला की धरून ठेवतो आणि तुला हलता येत नाही, मागचे येऊन पोचतात. ब्लोट नावाचा ढोल्या हिरवं ओकतो, ते अंगावर पडलं की काही दिसत नाही. स्टॉकर जवळजवळ अदृश्य असते, कमांडोची भूमिका घेतलेल्यालाच ती लांबून दिसते, आणि त्याने ओरडून बाकीच्यांना सांगायचं असतं. सायरन किंचाळते. ती किंकाळी भिंतीपलीकडून ऐकू आली तरी माझ्या हाताला घाम सुटतो, आणि तुम्ही फेकलेला ग्रेनेड ती किंकाळीनेच निकामी करते. स्क्रेक करवत घेऊन शांतपणे चालत येतो आणि बराच मार बसला की एकदम धावत सुटतो.

आणि फ्लेशपाउंड. त्याच्या छातीत एक दिवा आहे. दिवा पिवळा आहे तोवर तो रमतगमत येतो. लाल झाला की संपलं, तो धावत येऊन समोरच्याला दोन फटक्यांत आडवा करतो. तो दिसला की चौघांनी आधी बोलायचं असतं. "कुणी मारू नका रे, अजून मारू नका, त्याला दरवाजापाशी येऊ दे." मग एकाच वेळी चौघांनी. एकाने जरी घाईने एक गोळी झाडली तरी सगळ्यांचा खेळ संपू शकतो. चार माणसांनी श्वास धरून एकमेकांचं ऐकायचं, हे हा गेम जबरदस्तीने करून घेतो. पुण्याच्या मित्राला हा दिवा एकदा लाल होताना बघू दे. नंतर तो ग्राफिक्सविषयी बोलला तर मला कळव.

या सगळ्यावर झेड टाइम. मधूनच, एखाद्या चांगल्या नेमानंतर, काही सेकंद सगळं संथ होतं, आणि ते एकट्यापुरतं नाही, सर्व्हरवरच्या सगळ्यांसाठी. म्हणजे नाशिकच्याने डोकं उडवलं की जर्मनीतल्याचंही जग संथ होतं. आपल्या मित्राने आत्ता काहीतरी भारी केलं हे सगळ्यांना त्याच क्षणी कळतं. फोनवर सांगावं लागत नाही.

आता मी तुला हाच गेम का सुचवते, त्याचं खरं कारण. ते बंदुकांत नाही आणि प्राण्यांतही नाही.

खेळ वेव्हमध्ये चालतो, म्हणजे लाटा. चार, सात किंवा दहा लाटा, आणि शेवटी पेट्रिआर्क नावाचा एकच मोठा शत्रू. दोन लाटांच्या मध्ये मिनिटभर वेळ मिळतो. त्या मिनिटात व्यापारी बाईच्या दुकानापर्यंत धावत जायचं आणि मिळालेल्या पैशांतून गोळ्या, चिलखत, नवं हत्यार घ्यायचं. दुकानाची जागा दर वेळी बदलते, त्यामुळे चौघं एकत्रच पळत असतात. पैसे प्रत्येकाचे वेगळे. पण एक बटण दाबलं की पन्नास पौंड हातातून समोर फेकले जातात, नोटांचं पुडकं खरोखर जमिनीवर पडतं आणि दुसरा ते उचलतो. जो मागच्या लाटेत मेला असेल तो पुढच्या लाटेला परत येतो, पण हातात साधं पिस्तूल आणि खिशात जवळपास काही नाही. मग बाकीच्यांनी त्याच्यापुढे पैसे टाकायचे. कुणी सांगत नाही, नियम नाही, तरी सगळे टाकतात.

२०११ च्या मे महिन्यात मी माझ्या दोन मावसभावांबरोबर खेळत होते. मी कोल्हापुरात, एक सांगलीत, एक मुंबईला. 'वेस्ट लंडन' नावाचा मॅप, रात्री साडेदहाची वेळ. धाकटा सहाव्या लाटेत मेला. सातवीच्या आधी तो परत आला तेव्हा आम्ही दोघांनी असेल तेवढं सगळं त्याच्या पायाशी फेकलं. जमीन पुडक्यांनी भरून गेली. तो एकेक उचलत होता आणि उचलता उचलता म्हणाला, "ताई, माझा एक विषय राहिला." निकाल चार दिवसांपूर्वी लागला होता. घरी मावशीने चार दिवस विचारून विचारून त्याने तोंड उघडलं नव्हतं. मी काही मोठं बोलले नाही. "कुठला?" म्हणाले. "मॅथ्स टू." तेवढ्यात घंटा झाली आणि लाट आली. पुढच्या मिनिटात उरलेलं बोललो, त्याच्या पुढच्या मिनिटात आणखी थोडं. पेट्रिआर्कने आम्हाला धुऊन काढलं, ते कुणाला आठवतही नाही.

समोरासमोर बसवून, "बोल ना, काय झालं," असं विचारलं की आपल्याकडची मुलं गप्प होतात. हाताला काम असलं, नजर दुसरीकडे असली की बोलतात. शेतात, गॅरेजात, रात्रीच्या गाडीत शेजारी बसून माणसं बोलतात तशी. या गेमने ते मिनिट दिलंय. लाटेत घसा फोडून ओरडायचं आणि मधल्या मिनिटात श्वास घेत बोलायचं. 'लेफ्ट फोर डेड' जास्त देखणा आहे, त्याचा दुसरा भागही सेलमध्ये अगदी स्वस्त मिळतो, तुझ्या लॅपटॉपवर कदाचित चालेलही, आणि तो बरोबर चौघांसाठीच बनवलाय. तुम्हाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पळत जाण्यातली गंमत हवी असेल तर मी तोच घ्या म्हणेन. पण तिथे कायम पुढे सरकावं लागतं. इथे एक कोपरा धरून, दारं वेल्डिंग करून, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभं राहायचं असतं, आणि मग ते मिनिट येतं. तुझ्या पत्रात मला गेमपेक्षा वाढदिवसाच्या शुभेच्छांवर येऊन थांबलेला ग्रुप जास्त दिसला. त्यासाठी हा.

आता उणिवा, ज्या तुला खरोखर जाणवतील.

एक म्हणजे तोचतोचपणा. लाट, दुकान, लाट, दुकान, शेवटी तोच पेट्रिआर्क, एका हाताला मशीनगन, मधूनच अदृश्य होणारा, मार बसला की पळून जाऊन स्वतःला इंजेक्शन टोचणारा. पंचवीसएक तासांनंतर तुम्हाला सगळं पाठ होईल. त्यावर उपाय खेळाडूंनीच केलाय: त्यांनी स्वतः बनवलेले ढीगभर मॅप फुकट मिळतात, कंपनीनेही नंतर फुकट मॅप आणि हत्यारं वाढवत नेली. पण आठवड्यातून एकदा, रविवारी तासभर खेळणाऱ्या चौघांना पंचवीस तास म्हणजे जवळपास सहा महिने. तुमच्या बाबतीत ही उणीव फार उशिरा लागेल. रोज रात्री एकटा खेळायला बसणाऱ्याला मात्र मी हा गेम कधीच सुचवणार नाही. एकट्याने खेळला की हा सपक आहे, अगदीच सपक. तू सरावासाठी म्हणून एकटा खेळशील आणि तुला वाटेल ताईने फसवलं. एकदा बंदुका हाताळून बघ आणि बंद कर.

दुसरी उणीव पर्कची. पर्क म्हणजे तुमची भूमिका: मेडिक, कमांडो, शार्पशूटर, सपोर्ट, बर्सर्कर, फायरबग, डिमॉलिशन्स. प्रत्येकाच्या पायऱ्या आहेत आणि वरच्या पायऱ्यांवर चढायला आठवडेच्या आठवडे लागतात. ही चढण नको तितकी लांब आहे, कंपनीने ती आखूड करायला हवी होती. अनोळखी माणसांच्या सर्व्हरवर गेलात तर ते सहाव्या पायरीवर आणि तुम्ही शून्यावर, तुम्हाला चेपल्यासारखं होईल. काही सर्व्हरवर मॉड घालून पैसा अमर्याद केलेला असतो, प्राण्यांची नुसती रेटारेटी. तिथे गेमचा गेमपणाच उरत नाही. चौघांनी आपलंच खेळा, अवघडपणा 'नॉर्मल'च्या वर महिनाभर नेऊ नका.

आता खरेदीचं. चौघांनी एकदम पैसे टाकू नका. आधी तू एकटा घे. स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचे दोन तास व्हायच्या आत पैसे परत मागता येतात. त्या दोन तासांत लॅपटॉप तपास. मी स्वतः वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर हा खेळलेय, सावल्या बंद करून आणि रिझोल्यूशन एक पायरी खाली आणून. लॅपटॉपखाली पुस्तक ठेवून मागची बाजू जरा उचल, हवा लागू दे. वीस-तीस प्राणी एकदम अंगावर आले की मशीन अडखळतं का ते बघ, कारण रिकाम्या मॅपवर सगळंच छान चालतं. चाललं की मग तिघांना सांग. गेमसोबत पात्रांच्या वेगवेगळ्या पोशाखांची पॅक विकायला दिसतील, त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नका, खेळात त्यांनी फरक पडत नाही.

'किलिंग फ्लोअर २' जुलै २०२० मध्ये आठवडाभर एपिक स्टोअरवर फुकट होता. तुमच्यापैकी कुणी तेव्हा घेऊन ठेवला असेल तर त्याने तो स्वतः खेळून बघावा, बंदुकांचं काम त्यात आणखी सुरेख झालंय. पण तो तुझ्या लॅपटॉपला झेपणार नाही. पुण्याच्याला तिसरा भाग घ्यायचाच असेल तर घेऊ दे, त्यात भांडण नाही. तो जुलै २०२५ मध्ये आला, दिसायला अर्थातच फार पुढचा. मात्र तो आला तेव्हा त्यातले पर्क ठरावीक पात्रांना बांधलेले होते, यावरून जुने खेळाडू बरेच नाराज झाले. नवा म्हणजे सगळ्याच बाबतीत पुढचा, असं इथे तरी झालेलं नाही.

भूमिका वाटताना इंटरनेट आणि मशीन बघून वाटा. तू मेडिक हो. मेडिक जोरात पळतो, त्याच्या बंदुकीतून लांबूनच मित्राला औषधाचा डार्ट मारता येतो, आणि मशीन थोडं अडखळलं तरी काम भागतं, कारण नेम डोक्याचा लागत नाही. शिवाय या गेममध्ये स्वतःला टोचलेल्या इंजेक्शनपेक्षा दुसऱ्याने टोचलेलं जास्त लागू पडतं. त्यामुळे तिघंही तुझ्याकडे पळत येतील, तुझ्या नावाने हाका मारतील. तुला आत्ता जे वाटतंय ना, की मी सगळ्यांना मागे खेचतोय, ते पहिल्याच तासात जाईल. जर्मनीतल्याला भारतातल्या सर्व्हरवर पिंग, म्हणजे संदेश जाऊन यायला लागणारा वेळ, जास्त लागणार, त्याला शार्पशूटर देऊ नका, गोळी लागल्याचं त्याला उशिरा कळेल. त्याला फायरबग द्या. आगीचा फवारा मारायला काटेकोर नेम लागत नाही. पुण्याचा चांगल्या मशीनवर आहे, तो शार्पशूटर. नाशिकच्याने सपोर्ट घ्यावा, शॉटगन आणि दारं वेल्ड करणं त्याच्याकडे.

सर्व्हर कुणी उघडायचा यात पहिली संध्याकाळ वाया जाण्याची भीती असते, म्हणून आदल्या दिवशीच बघून ठेवा. आपल्याकडे बऱ्याच घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटचा पत्ता, मिळत नाही, तिथून होस्ट केलं, म्हणजे आपल्या मशीनवरून खेळ उघडला, की बाकीच्यांना आतच येता येत नाही. ज्याच्याकडे तो आहे त्याने राउटरमध्ये ७७०७ हा यूडीपी पोर्ट उघडावा आणि त्याने होस्ट करावं. कुणाकडेच नसेल तर गेममधल्या यादीतून पिंग कमी असलेला एखादा रिकामा सार्वजनिक सर्व्हर शोधा आणि चौघं तिथे शिरा. बोलायला गेममधला माइक नको, वेगळ्या व्हॉइस कॉलवर बोला, म्हणजे कुणी मेला तरी बोलणं तुटत नाही. हेडफोन मात्र हवाच. सायरन कुठल्या बाजूला आहे ते कानानेच कळतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. हा गेम मोठ्यांसाठी आहे. रक्त, तुटलेले अवयव, तेही संथ गतीत. तुमच्यापैकी कुणाच्या घरात लहान भाचा-पुतण्या असेल तर तो झोपल्यावर खेळा, किंवा दार लावून. लहान मुलांना ते चित्र रात्री झोपू देत नाही, आणि आपण 'खेळच तर आहे' म्हणून दुर्लक्ष करतो.

पहिल्या रविवारी 'फार्म' मॅप घ्या, चार लाटांचा छोटा खेळ. मोकळी जागा आहे, पळायला वाव आहे. अर्ध्या तासात संपेल. हरलात तर लगेच दुसरा लावू नका, दहा मिनिटं नुसते बसा कॉलवर. रात्री नऊची वेळ ठरवा, जर्मनीत तेव्हा उन्हाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग आपले नऊ म्हणजे त्याचे साडेचार. त्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर तो आपला साडेपाचच्या हिशोबाने बाहेर फिरत असेल आणि तुम्ही तिघं दुकानाशी त्याची वाट बघत थांबाल.

तुझी,
ताई